जामबागेतली उघडी बैठक: मोअज्जम जाही मार्केटच्या चौकात टेबल-खुर्च्या कशा आल्या आणि त्या टिकतील कशा?

नांदेड, देगलूर, उदगीर, लातूर, बिदर इकडून हैदराबादला जाणाऱ्या माणसाची कामं बहुतेक ठरलेली असतात. दवाखाना, लग्नाची खरेदी, लेकराचं कॉलेज, नाहीतर पाहुण्यांकडचा कार्यक्रम. यातली बरीचशी कामं कोठी, सुलतान बाजार, बेगम बाजार, अफजलगंज आणि आबिड्स या एकाच पट्ट्यात होतात. काम संध्याकाळपर्यंत उरकतं आणि परतीची गाडी असते रात्रीची. मधले तीन-चार तास बसायचं कुठं? खोली घेतलेली नसेल तर बसस्टँडवरचा बाकडा, एवढंच अनेकांना ठाऊक असतं.

या पट्ट्याच्या मधोमध जामबाग आहे. जामबागेला लागून असलेल्या मोअज्जम जाही मार्केटच्या दगडी चौकात संध्याकाळ झाली की टेबल-खुर्च्या मांडल्या जातात. घरची मंडळी, कॉलेजची पोरं, दुकान बंद करून आलेले व्यापारी, दवाखान्यातून थोडा वेळ बाहेर पडलेले नातेवाईक, सगळे तिथं उघड्या आभाळाखाली बसून खातात. एक कप आईस्क्रीम घेतलं तरी बसायला जागा मिळते.

हैदराबादेत बाहेर बसून जेवायची मोठी हॉटेलं बंजारा हिल्स आणि जुबिली हिल्सकडं आहेत. इटालियन पिझ्झा-पास्ता, बाहेर छत्रीखाली टेबल, मंद दिवे, असा तिकडचा थाट असतो. जामबागेतल्या बैठकीला तसा थाट नाही, तसं बिलही नाही. मात्र ही जागा आपोआप तयार झालेली नाही. ती बांधली गेली, मधल्या काळात बिघडली आणि अलीकडं पुन्हा दुरुस्त झाली. हे कसं घडलं, ते समजून घेऊया.

जामबाग आणि मराठी माणूस

हैदराबादी बोलीत पेरूला 'जाम' म्हणतात. म्हणजे नावातच पेरूची बाग आहे. आज तिथं बाग दिसत नाही, फुलांचा बाजार मात्र दिसतो. गजरे, हार, शेवंती आणि झेंडूचे ढीग ही जामबागेची जुनी ओळख.

मराठी वाचकाला जामबाग ठाऊक असायचं आणखी एक कारण आहे. विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था याच भागात आहे. १९०७ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या उभारणीत केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांचा मोठा वाटा होता. केशवराव मूळचे परभणी जिल्ह्यातले. औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, परभणी आणि नांदेड हे पाच मराठी जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि हैदराबाद ही त्यांची राजधानी होती. १९३१ साली मराठी साहित्य संमेलनही हैदराबादेत भरलं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष होते. १९५६ साली भाषावार राज्यं झाली आणि मराठवाडा वेगळा निघाला, पण कोठी-जामबागच्या गल्ल्यांतली मराठी घरं तिथंच राहिली. आजही या भागात मराठीत पत्ता विचारला तर मराठीत उत्तर देणारा माणूस भेटू शकतो.

बाजार बांधला कुणी?

२८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसं दगावली, नदीकाठची वस्ती वाहून गेली. त्यानंतर शहर नव्यानं आखायची गरज पडली. १९१२ साली त्यासाठी 'आराइश-ए-बलदा' म्हणजे नगर सुधार मंडळ स्थापन झालं. दाटीच्या वस्त्या मोकळ्या करणं, रस्ते रुंद करणं, बाजार बांधणं ही या मंडळाची कामं होती.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे दुसरे चिरंजीव मोअज्जम जाह हे या मंडळाचे अध्यक्ष होते. १९३५ साली बांधून झालेल्या बाजाराला त्यांचंच नाव मिळालं. लोक मात्र 'मोजमजाही' किंवा नुसतं 'एम.जे. मार्केट' म्हणतात.

इमारत ग्रॅनाइट दगडाची आहे. आबिड्स, नामपल्ली, कोठी आणि अफजलगंज या बाजूंचे रस्ते जिथं एकत्र येतात, त्या नाक्यावर ती पंख्यासारखी पसरली आहे. टोकाला घड्याळाचा मनोरा, दोन्ही बाजूंना दुकानांच्या रांगा आणि मधे मोकळं अंगण. शंभरेक गाळे. फळं, भाजी, मांस, अत्तर, तंबाखू, भांडीकुंडी असा सगळा माल इथं मिळायचा.

या आराखड्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे मधलं अंगण. रस्त्याकडच्या दुकानांनी गोंगाट अडवायचा आणि गिऱ्हाइकानं कमानीतून आत यायचं. आत आलं की बसा, उभं राहा, भाव करा. वाहनांची अडचण नाही. बांधताना हे अंगण मालाच्या चढ-उतारासाठी आणि गिऱ्हाइकांच्या वावरासाठी होतं. पुढं खाण्याची बैठक जमली ती याच मोकळ्या जागेमुळं.

फळांच्या बाजारात आईस्क्रीम

इथली आईस्क्रीमची दुकानं प्रसिद्ध आहेत. 'फेमस' आणि 'शाह' ही नावं हैदराबादेत कुणालाही विचारा. हाताशी ताजी फळं असलेल्या बाजारात फळांचं आईस्क्रीम चालावं, हे साहजिकच आहे. सीताफळ, आंबा, चिकू, अंजीर, लिची अशी चव हंगामाप्रमाणं बदलते. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ खाऊन वाढलेल्या बीड-लातूरकडच्या माणसाला यातलं सीताफळाचं आईस्क्रीम लगेच ओळखीचं वाटतं.

हे आईस्क्रीम आपल्याकडं 'पॉटचं' म्हणतात त्या जातीचं. धातूचं भांडं लाकडी पिंपात ठेवायचं, भोवती बर्फ आणि जाडं मीठ भरायचं आणि भांडं फिरवत राहायचं. मीठ कशासाठी? दुधात साखर असल्यामुळं ते शून्य अंशाला गोठत नाही, त्याला आणखी थंडी लागते. नुसता बर्फ शून्याच्या खाली नेऊ शकत नाही. बर्फावर मीठ टाकलं की तो शून्याच्या खालीही वितळू लागतो आणि वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. मिठाचं प्रमाण जमलं तर तापमान उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. दूध गोठतं ते यामुळं.

बर्फ-मिठाच्या या युक्तीचा इटलीशी जुना संबंध आहे. तिथं सोळाव्या-सतराव्या शतकात ती चांगलीच रुळली होती. सिसिलीतून आलेल्या फ्रान्चेस्को प्रोकोपिओनं १६८६ साली पॅरिसमध्ये कॅफे उघडला. तिथं कॉफीसोबत गोठवलेले गोड पदार्थ मिळायचे. हिंदुस्थानात अकबराच्या काळात पाणी गार करायला सोरा वापरत, असं अबुल फजलनं नोंदवून ठेवलं आहे.

हातानं किंवा सावकाश फिरवलेल्या आईस्क्रीममध्ये हवा कमी शिरते. म्हणून ते घट्ट लागतं आणि चमच्यावर जड वाटतं. मोठ्या कारखान्यात यंत्रानं बरीच हवा मिसळतात, त्यामुळं तेवढ्याच वजनात डबा मोठा दिसतो. घट्ट आईस्क्रीम सावकाश खावं लागतं आणि सावकाश खायचं म्हटलं की बसायला जागा हवी. खुर्ची आली ती या गरजेतून.

आसपास खाण्याची इतर ठिकाणंही आहेत. फाळणीनंतर आलेल्या खानचंद रामनानी यांनी १९५३ साली सुरू केलेली कराची बेकरी मार्केटच्या नाक्यावरच आहे. तिची फळांची बिस्किटं गावाकडं नेली जातात. मार्केटजवळच रात्र संपता संपता 'राम की बंडी'वर डोशासाठी गर्दी जमते. लोणी, चीज आणि पिझ्झा डोसा असे प्रकार तव्यावर होतात आणि लोक गाडीभोवती उभ्यानं खातात. इटलीचा पिझ्झा जामबागेच्या शेजारी आला तो असा डोशावर पसरून!

मधे काय बिघडलं?

मोटारी वाढल्या तसं अंगण वाहनतळ झालं. खुर्च्या होत्या, पण दोन गाड्यांच्या मधे. दगडी भिंतींवर रंगाचे थर चढले, पाट्या लागल्या, पत्र्याची शेड पुढं आली, वायरींची जाळी लोंबू लागली. छत गळू लागलं. हे सगळं एका दिवसात झालं नाही. प्रत्येकानं आपापल्या सोयीपुरतं थोडं थोडं केलं आणि इमारतीची रया गेली.

आपल्याकडच्या जुन्या बाजारांची गोष्ट याहून वेगळी नाही. जागा सगळ्यांची असली की तिची काळजी कुणाचीच नसते आणि तिच्यावर हक्क मात्र प्रत्येकाचा असतो.

२०१८ च्या सुमारास महापालिका आणि राज्याच्या नगरविकास खात्यानं दुरुस्ती हाती घेतली. गाळे महापालिकेचेच असल्यानं हे काम करणं तिला शक्य होतं. दगडावरचा रंग काढला, शेड आणि पाट्या हटवल्या, गळती थांबवली, घड्याळ चालू केलं, अंगणाची फरसबंदी केली, दिवे लावले. १४ ऑगस्ट २०२० ला तत्कालीन नगरविकास मंत्री के. टी. रामाराव यांच्या हस्ते मार्केट पुन्हा खुलं झालं. तो करोनाचा काळ होता. बंद खोलीत बसून खायला लोक घाबरत होते, तेव्हा या उघड्या अंगणाचं मोल सगळ्यांनाच कळलं. पुढं इथं गाण्याबजावण्याचे कार्यक्रमही होऊ लागले.

दुरुस्तीतलं सर्वांत महत्त्वाचं काम दिसायला साधं आहे. अंगणातल्या गाड्या बाहेर गेल्या आणि तिथं माणसं बसली.

दुकान लहान, बैठक मोठी

उघड्या बैठकीमागं सरळ हिशेब आहे. शहराच्या मध्यभागी मोठं हॉल घेऊन हॉटेल चालवायचं तर भाडं परवडत नाही. ते भाडं शेवटी गिऱ्हाइकाच्या ताटातूनच वसूल होतं. इथं गाळा लहान आहे. त्यात माल, फ्रीझर आणि गल्ला, एवढंच मावतं. बैठक अंगणात. एसी नाही, सजावट नाही. त्यामुळं भाव सामान्य माणसाच्या आवाक्यात राहू शकतो.

हवामानही साथ देतं. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचावर, दख्खनच्या पठारावर आहे. मुंबईसारखी दमट हवा नाही. कोरड्या हवेत सूर्य मावळला की जमीन लवकर निवते. म्हणून मे महिन्यातही रात्री नऊनंतर बाहेर बसवतं. ग्रॅनाइट दिवसभर तापलेला असतो, तेवढा त्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

इटलीतल्या शहरांत चौकातली टेबलं पाहून पर्यटक हरखून जातो. तिथंही हिशेब आहेच. चौक नगरपालिकेचा असतो. टेबलं मांडायला हॉटेलवाल्याला परवानगी घ्यावी लागते आणि जागेचं शुल्क भरावं लागतं. किती टेबलं, कुठपर्यंत आणि किती वाजेपर्यंत, हे ठरवून दिलेलं असतं. गिऱ्हाइकाच्या बिलातही बऱ्याच ठिकाणी बसण्याचा आकार वेगळा लागतो. कॉफी काउंटरवर उभ्यानं प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसून प्यायली तर महाग. म्हणजे तिथंही चौक फुकट मिळत नाही. चौक कुणाचा आणि त्यातला किती भाग कुणी वापरायचा, हे ठरलेलं असतं म्हणून तो टिकतो.

आपल्याकडं हेच ठरवायचं राहून जातं. मग एक दिवस सगळी टेबलं रस्त्यावर येतात आणि दुसऱ्या दिवशी अतिक्रमणविरोधी पथक सगळं उचलून नेतं. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात नगर फेरीवाला समिती नेमून जागा ठरवून देण्याची तरतूद आहे. कायदा पाळला तर गाडीवाल्यालाही जागा मिळते आणि चालणाऱ्यालाही.

एकाच जागेचे दोन वेळा दोन उपयोग करायची रीतही आपल्या देशात जुनी आहे. इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोनं विकलं जातं आणि रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांपुढं खाऊगल्ली लागते. इंदूरच्या मराठी घरांना हे सांगायला नको. अहमदाबादच्या माणेकचौकातही रात्री तसंच चित्र असतं. जागा तीच, पाळी वेगळी.

एक जखमही आहे

जामबागेपासून जवळच कोठीत गोकुळ चाट आहे. २५ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी तिथं आणि लुंबिनी पार्कमध्ये बॉम्बस्फोट झाले. चाळीसहून अधिक माणसं गेली. लुंबिनी पार्कच्या स्फोटात संगमनेरहून सहलीला आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थीही मरण पावले. संध्याकाळी खायला, फिरायला बाहेर पडलेली ही माणसं होती.

गोकुळ चाट पुन्हा उघडलं आणि लोक पुन्हा तिथं उभं राहून चाट खाऊ लागले. अशा घटनेनंतर शहर घाबरून घरात बसलं असतं तर नवल नव्हतं. संध्याकाळी अनोळखी माणसांच्या शेजारी बसून खाणं ही वरवर किरकोळ बाब वाटते. पण कोणत्या शहरात बायका-मुलं रात्री दहा वाजता उघड्यावर बसू शकतात, यावरून त्या शहराची तब्येत कळते.

एम.जे. मार्केटमध्ये तुमची जात, धर्म, भाषा विचारून टेबल मिळत नाही. शेजारच्या टेबलावर दखनी, पलीकडं तेलुगू, आपल्या टेबलावर मराठी. गणेश विसर्जनाच्या दिवशी शहराची मुख्य मिरवणूक याच नाक्यावरून हुसेनसागराकडं जाते. मुख्य रस्त्याचा नाका असल्यानं सण कुणाचाही असो, गर्दी इथं होतेच.

आपल्या गावात हे जमेल का?

सीमेच्या दोन्ही बाजूंना निजामकाळातले बाजार आणि चौक अजून उभे आहेत. लातूरची गंजगोलाई घ्या. फैय्याजुद्दीन यांच्या आराखड्यावर झालेल्या या गोल बाजाराला सोळा रस्ते येऊन मिळतात. मधोमध अंबाबाईचं देऊळ आहे. छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात घड्याळाचा मनोरा आहे. स्मार्ट सिटीच्या कामात त्याची दुरुस्ती झाली. बिदरच्या जुन्या गावात चौबारा आहे. म्हणजे आराखडा आणि इमारत आपल्याकडंही आहे. या जागांवर संध्याकाळी काय असतं? दुचाक्या, हातगाड्या आणि हॉर्न.

हैदराबादच्या अनुभवातून चार गोष्टी दिसतात. पहिली, अंगणातून गाड्या काढायच्या असतील तर त्यांना उभं राहायला जवळपास दुसरी जागा द्यावी लागते. नाहीतर चार दिवसांत त्या परत येतात. दुसरी, जुन्या दुकानदाराला बाहेर काढून चौक सजवला तर तो सुना पडतो. गिऱ्हाईक येतं ते ओळखीच्या चवीसाठी. तिसरी, संडास, पिण्याचं पाणी आणि उजेड हवाच. हे नसेल तर पुरुष येतील, घरची मंडळी येणार नाहीत. चौथी, रंगरंगोटीनंतरची देखभाल. पहिल्या वर्षी दिवे सगळीकडंच लागतात. पाचव्या वर्षी ते लागतात का, हे पाहायचं.

चौथी गोष्ट हैदराबादलाही लागू आहे. टेबलं हळूहळू वाढत जातात, पाट्या पुन्हा लागतात, कुणीतरी 'पाच मिनिटांसाठी' गाडी आत घालतं. मागच्या वेळी अंगण बिघडलं ते असंच. महापालिकेनं लक्ष काढलं तर ते पुन्हा वाहनतळ व्हायला वेळ लागणार नाही.

जाणार असाल तर

• महात्मा गांधी बसस्थानकाच्या म्हणजे इमलीबनच्या शेजारीच मेट्रोचं स्टेशन आहे. मियापूरकडं जाणारी मेट्रो घ्यायची. उस्मानिया मेडिकल कॉलेजनंतर दुसरं स्टेशन गांधी भवन. तिथं उतरून मार्केटपर्यंत चालत जाता येतं.

• नामपल्ली स्टेशनवर उतरलात तर मार्केट जवळ आहे. कचिगुड्याहून रिक्षा करावी लागते. 'मोजमजाही मार्केट' म्हटलं की रिक्षावाल्याला कळतं.

• दिवसा ऊन लागतं. सूर्य मावळल्यावर जावं. पावसाळ्यात छत्री जवळ ठेवावी, कारण बैठक उघडी आहे.

• टेबल वेगवेगळ्या दुकानांची असतात. बसण्याआधी कुठल्या दुकानाची आहेत ते विचारावं, म्हणजे मागवताना घोळ होत नाही.

• सीताफळ, आंबा हे हंगामी प्रकार. आज ताजं काय आहे, ते आधी विचारून मगच मागवावं.

• सोबत रुग्ण किंवा म्हातारं माणूस असेल तर संध्याकाळी लवकर जावं. सुटीच्या दिवशी रात्री गर्दी असते.

• विसर्जन किंवा मोठ्या मिरवणुकीच्या दिवशी नाक्यावरची वाहतूक वळवलेली असते. त्या दिवशी परतीच्या गाडीसाठी हाताशी जास्त वेळ ठेवावा.